आयतं किती, हाताने किती? जपानमधले घरगुती स्वयंपाकाचे वर्ग आणि हस्तकलेच्या कार्यशाळा

बडोद्याहून जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत मंदिरं आणि बुलेट ट्रेनच्या जोडीला हल्ली कुणाच्या तरी घरी बसून शिकायचा स्वयंपाक आणि एखादी हस्तकलेची कार्यशाळाही असते. क्योतो, कानाझावा, नागोया या भागांत असे वर्ग भरपूर आहेत. स्वयंपाकाचा वर्ग साधारण तीन तासांचा असतो, त्यात शेवटी जेवण येतं, आणि माणशी सहा ते दहा हजार येन मोजावे लागतात. रक्कम लहान नाही, म्हणून निवड नीट करावी. त्यासाठी एकच निकष पुरतो: तुम्ही पोचायच्या आधी किती काम उरकून ठेवलेलं असतं?

स्वयंपाकात हे दाशीवरून लगेच कळतं. दाशी म्हणजे जपानी घरातलं मूळ पाणी. सूप, भाज्या, अंडं, नूडल्स सगळं त्यावर उभं असतं. जो वर्ग पुडीतली दाशी गरम पाण्यात ढवळून पुढे जातो, तो सोडून द्या. चांगल्या वर्गात एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजत घालतात. त्यावरची पांढरी पूड बुरशी नव्हे. ती धुवायची नाही, ओलसर फडक्याने वरवर पुसायची. मग मंद आचेवर पाणी तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढायचा. तो उकळला की पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. त्यानंतर २० ते ३० ग्रॅम कात्सुओबुशी (ट्यूनाच्या जातीतला मासा धुरी देऊन, वाळवून काढलेला कीस) घालून गॅस बंद करतात आणि दोनेक मिनिटांनी गाळतात. गाळताना फडकं पिळायचं नाही, नाहीतर माशाचा उग्रपणा उतरतो. आपल्याकडे फडक्यात काही राहिलं की पिळून घ्यायची सवय हाताला असते, त्यामुळे बहुतेकांचं बिघडतं ते इथेच.

शाकाहारी लोकांनी इथे जरा थांबून वाचावं. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या बऱ्याच वर्गांत मांस-मासे ताटात दिसत नाहीत, पण दाशीत मासा असतो. विकतच्या मिसोतही (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) पुष्कळदा दाशी मिसळलेली असते, आणि नूडल्सच्या तयार सॉसमध्ये तर असतेच. नोंदणी करतानाच लिहा: ‘कात्सुओ दाशी मो ताबेमासेन’, म्हणजे माशाची दाशीही खात नाही. मिरीन म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोडसर दारू, तिच्यात साधारण १४ टक्के मद्य असतं. ते चालत नसेल तर तेही कळवा. ऐनवेळी सांगितलं तर यजमानांची पंचाईत होते आणि तुमच्या पुढ्यात नुसता भात-लोणचं येतं.

शाकाहारी दाशी कमी दर्जाची असते हा समज मात्र चुकीचा आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी ‘उमामी’ चव शोधली ती कोंबूमधल्या ग्लुटामेटवरूनच. वाळलेल्या शिताके मशरूममधलं ग्वानिलेट त्याच्याशी जुळलं की चव दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. १० ग्रॅम कोंबू आणि तीन-चार वाळके शिताके एक लिटर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. गरम पाणी घालून घाई केली तर मशरूमचा कडवटपणा येतो. बौद्ध मठांच्या शोजिन पद्धतीचा स्वयंपाक शिकवणारा वर्ग मिळाला तर बडोदेकर शाकाहाऱ्यांनी डोळे झाकून तोच घ्यावा.

बाकीचे पदार्थ सोपे असतात. सूपसाठी मिसो एका वाटी दाशीला चमचाभर, आणि तो गॅस बंद करून गाळणीत घोळवून विरघळवायचा. उकळला की वास उडतो. भाताचं माप ‘गो’, म्हणजे १८० मिलिलीटर, तांदूळ साधारण १५० ग्रॅम. तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवतात, पाणी तांदळाच्या सव्वापटीपेक्षा थोडं कमी, आणि शेवटी गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच मुरू देतात. मध्ये झाकण उघडून पाहिलं की वाफ गेली आणि दाणा कच्चा राहिला. घरी आल्यावर सुरती कोलमवर हा प्रयोग करू नका, तो मोकळाच होणार.

अंडं खात असाल तर तामागोयाकी असलेला वर्ग बघा. तीन अंड्यांत तीन मोठे चमचे दाशी घालून चौकोनी तव्यावर पातळ थर ओतायचा, वरची बाजू ओलसर असतानाच गुंडाळी करायची आणि तिच्याखाली पुढचा थर सरकवायचा. थर पुरता सुकला तर पुढचा त्याला धरत नाही. तवा पुरेसा तापला नसेल तर सगळं चिकटतं.

जेवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळा: भातात चॉपस्टिक उभ्या खोवणं आणि चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास देणं. पहिली मृताच्या उशाशी ठेवायच्या भाताची रीत, दुसरी दहनानंतर अस्थी उचलायची. पिंडाची जाण असलेल्या मराठी माणसाला याहून जास्त सांगायला नको.

हस्तकलांत आमची पहिली पसंती आरिमात्सुच्या शिबोरीला. नागोया स्टेशनवरून मेइतेत्सु रेल्वेने वीसेक मिनिटांवर हे गाव आहे, आणि १६०८ पासून तिथे कापड बांधून रंगवण्याचं काम चालतं. गुजरातमध्ये राहणाऱ्याला बांधणी परकी नाही, त्यामुळे इथे फरक बघायला खरी मजा येते. ‘कानोको’ म्हणजे हरणाच्या पाडसावरचे ठिपके. हा प्रकार आपल्या बांधणीच्या अगदी जवळचा: चिमटीत कापडाचं टोक उचलायचं आणि त्यावर दोरा घट्ट गुंडाळायचा. पण आरिमात्सुत बरंचसं काम स्टँडला लावलेल्या आकड्यात कापड अडकवून, ताण देऊन होतं. ‘कुमो’, म्हणजे कोळी, हा प्रकार तिथे करून बघाच. आकड्यात अडकवलेल्या कापडाच्या बारीक चुण्या बोटांनी एकसारख्या गोळा करायच्या आणि दोरा खालून वर शंकूसारखा चढवत न्यायचा. चुण्या विषम पडल्या तर जाळं एका बाजूला फाटल्यासारखं दिसतं, आणि दोरा सैल राहिला तर रंग आत शिरून गोलाची कड पुसट होते. काही ठिकाणी तुमचा बांधलेला रुमाल नंतर रंगवून टपालाने पाठवतात. तो भारतात पाठवतील का, हे बांधायला बसण्याआधी विचारा.

नीळ स्वतः रंगवायची असेल तर शिकोकू बेटावरचं तोकुशिमा गाठा. तिथे नीळीची पानं सुमारे शंभर दिवस कुजवून ‘सुकुमो’ करतात आणि राखेच्या क्षारजलात ती आंबवतात. कुंडातून कापड हिरवट बाहेर येतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. गडद छटा एका लांब बुडीने येत नाही. छोट्या बुड्या, पिळणं, हवा देणं असं पुनःपुन्हा करावं लागतं. हातमोजे घाला, नखं काही दिवस निळी राहतात.

कानाझावाची सोन्याच्या वर्खाची कार्यशाळा आमच्या निकषावर उतरत नाही. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात बनतो, आणि एका मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग इतक्या जाडीपर्यंत सोनं ठोकण्याची कारागिरी थक्क करणारी आहे. पण पर्यटकाच्या वाट्याला येतं ते तयार वर्ख डबीवर चिकटवणं. मुलं सोबत असतील तर तासभर छान जातो, एवढंच.

किंत्सुगी म्हणजे फुटलेलं भांडं लाखेने जोडून सांध्यावर सोनं चढवणं. तिच्या एक दिवसाच्या वर्गात बहुतेक वेळा कृत्रिम राळ वापरतात. असं भांडं शोभेला ठेवा, त्यात खाऊ नका. खरी किंत्सुगी उरुशी लाखेची (उरुशी झाडाच्या चिकाची), तिला कित्येक आठवडे लागतात, कारण ही लाख कोरड्या हवेत नाही तर ७०-८० टक्के दमट हवेत घट्ट होते. उरुशी बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उततो तशी ही कच्ची लाखही अंगावर उठते, म्हणून ज्यांना बिब्ब्याचा त्रास आहे त्यांनी खऱ्या लाखेचा वर्ग घेऊ नये.

मिनो किंवा एचिझेनला हातकागद करून बघायला मिळतो. कोझोचे (तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचे) तंतू पाण्यात एकसारखे तरंगावेत म्हणून त्यात तोरोरो-आओईच्या मुळांचा चिकट रस घालतात, आणि ही वनस्पती आपल्या भेंडीची सख्खी चुलत बहीण. चाळण लयीत हलवायची. हात थबकला की तिथे गुठळी बसते.

येताना मिसो चेक-इन सामानातच टाका. हातातल्या बॅगेत तो द्रवपदार्थ धरतात आणि १०० मिलिलीटरवरचा डबा काढून घेतात. कोंबू वाळका असल्यामुळे हलका आणि टिकाऊ. फक्त बडोद्यात बोअरच्या पाण्यात दाशी करू नका. जपानचं पाणी मृदू आहे आणि जड पाण्यात कोंबूची चव नीट उतरत नाही. आरओचं पाणी घ्या.