ब्लॅक रिव्हर की काँगरी? कनूतून जुनी झाडं बघायची तर

राले-कॅरीकडच्या आपल्या मंडळींनी दलदलीतलं जुनं जंगल कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, बघायचं ठरवलं, की दोन नावं पुढे येतात: दीड-दोन तासांवरची नॉर्थ कॅरोलायनातली ब्लॅक रिव्हर आणि साउथ कॅरोलायनात कोलंबियाजवळचं काँगरी नॅशनल पार्क.

झाडांचं वय हाच ध्यास असेल तर ब्लॅक रिव्हरला तोड नाही. तिथल्या थ्री सिस्टर्स दलदलीत बॉल्ड सायप्रस या पाणथळीत वाढणाऱ्या जातीचं एक झाड किमान २,६२४ वर्षांचं असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. वर्षवलयांचे अभ्यासक डेव्हिड स्टाल यांच्या चमूने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून वर्षवलयं मोजली. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी खोदली जात होती, तेव्हा या झाडाने चारशे वर्षं ओलांडली होती! पण गगनचुंबी काही बघायला मिळेल, असं समजून जाऊ नका. शेंडे वादळांनी मोडलेले, खोडं पोकळ, पिळवटलेली, बुंधे फुगलेले. लाकूडवाल्यांना ती नको होती, म्हणून तर वाचली. भोवती पाण्यातून मुळांचे ‘गुडघे’ वर आलेले. आपल्या सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची अशीच मुळं पाहिली असतील, तर लगेच ओळख पटेल. पाण्यात हात घाला, बोटं कोऱ्या चहात बुडवल्यासारखी तांबूस दिसतात.

अडचण एकच, पण मोठी. थ्री सिस्टर्समध्ये नदी झाडांमधून फुटून पसरते आणि मुख्य धार कुठली तेच कळत नाही. पाणी उतरलेलं असेल तर कनू ओढत न्यावी लागते. पहिल्या खेपेला वाटाड्या घ्याच.

काँगरी त्या मानाने सोपं. प्रवेश फुकट, सीडर क्रीकची सुमारे २४ किलोमीटरची जलवाट खुणा करून दिलेली. थोडं जाऊन परत फिरलं तरी चालतं. कनू मात्र पार्कात भाड्याने मिळत नाही, बाहेरून आणावी लागते. आईबाबांना पाण्यात उतरायचं नसेल तर लाकडी पायवाट आहे, आणि दीडशे फुटांवर गेलेले लॉबलॉली पाइन मान वर करून बघत राहावेत असे. उन्हाळ्यात डास फार.

लहान मुलं बरोबर असतील, वल्हं पहिल्यांदाच हातात घेत असाल, तर काँगरीलाच जा. पण वल्हवायची थोडी सवय असेल तर मी ब्लॅक रिव्हरच सांगेन, तेही ऑक्टोबरअखेरीस, पानं तांबूस झालेली असताना. निघण्याआधी दोन्हीकडची पाण्याची पातळी बघा. आणि तिथे खोडावर हात खुशाल ठेवा, गुडघ्यांवर पाय मात्र देऊ नका.