सुगी आमची, सुगी त्याची

न्यू जर्सीत ज्यांनी मागच्या अंगणात आडोशाला जपानी सीडर लावलेत किंवा लावायच्या विचारात आहेत, त्यांनी हे थंडी पडायच्या आत वाचा. माझे १,१४० डॉलर गेलेत. त्यात मी तासगावच्या द्राक्षबागायतदाराची लेक. फवारणीच्या नावाखाली मला कुणी गंडवेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

एडिसनला घर घेतलं तेव्हा मागच्या शेजाऱ्यांची स्वयंपाकघराची खिडकी थेट आमच्या डेकवर उघडायची. आर्बरविटी ही कुंपणाला लावतात ती सदाहरित झाडं हरणं फस्त करतात असं सगळेच सांगत होते, म्हणून ऑक्टोबरात 'योशिनो' जातीची ७ जपानी सीडर लावली. हरणं त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत, आणि ती भराभर वाढतात. जपानीत या झाडाला सुगी म्हणतात. निक्कोच्या देवस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सतराव्या शतकात लावलेल्या सुगींच्या रांगा सुमारे ३५ किलोमीटर आजही उभ्या आहेत. वडिलांना, म्हणजे आबांना, फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "सुगी? मग रास कधी पडती?"

जानेवारीत झाडं तांबूस पडली. हिरवा रंग मळत मळत विटकरी झाला, आणि त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. नीटनेटकं जाकीट, हातात टॅबलेट, बाहेर झाडाचं चित्र रंगवलेला ट्रक. त्यानं फांदी बाजूला केली आणि आतली वाळकी पानं मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, नीडल ब्लाइट आहे, म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग, महिन्याभरात सगळी रांग जाईल. रात्री मी ते नाव शोधलं. रोग खरा निघाला, फोटोही तसलेच तपकिरी. माझी खात्री तिथेच पटली. रोग खरा आहेच, फक्त माझ्या झाडांना नव्हता!

त्यानं ३ फवारण्या सांगितल्या, प्रत्येकी ३८० डॉलर, पैसे झेलवर, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात. वर लेखी हमी: एप्रिलअखेर झाडं हिरवी झाली नाहीत तर सगळे पैसे परत. एवढं लिहून देणारा माणूस खोटा कसा असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

आबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "थंडीत कसली फवारणी गं? बुरशीला ऊब लागती, वल लागती. औषधाचं नाव काय?" द्राक्षावरच्या दावण्या बुरशीशी उभा जन्म झुंजलेला माणूस तो. मी म्हटलं, "आबा, इथली झाडं वेगळी. आणि इथं लायसन्सवालेच येतात." लायसन्स मी पाहिलेलं नव्हतं. टाकीत काय होतं तेही नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. सातवं झाड शेडच्या मागे, सावलीत. तिथवर त्याचा पाइप पोचला नाही. ते सगळ्यांत कमी तांबूस होतं. तो म्हणाला, लागण अजून तिकडे गेली नाही.

एप्रिलात सातही झाडं हिरवीगार. मी खूश होऊन त्याला वर वीस डॉलर टिप दिली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा नंबर टाकला. दोन घरांनी त्याला बोलावलं. हे लिहायला बसले ते खरं म्हणजे त्या दोन घरांपायी.

पुढच्या डिसेंबरात झाडांकडे माझं लक्षही गेलं नव्हतं, तेवढ्यात त्याचाच फोन. रोग मुरलेला असतो, म्हणे, वार्षिक प्लॅन घ्या. तेव्हा कुठे पाल चुकचुकली. एक डहाळी झिपलॉकच्या पिशवीत घालून मी रटगर्स विद्यापीठाच्या काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या केंद्रात, गेले. तिथल्या बाईंनी नखानं साल खरवडली. आत ओला हिरवा रंग. त्या म्हणाल्या, थंडी आणि कडक ऊन एकत्र आलं की हे झाड पानांत तांबडं रंगद्रव्य साठवतं, उन्हापासून बचाव म्हणून. वसंतात ते आपोआप ओसरतं. म्हणूनच उन्हाकडची, बाहेरची बाजू जास्त तांबूस, आणि शेडमागचं झाड कमी. खरा ब्लाइट याच्या उलटा चालतो: खालच्या फांद्यांवर, खोडालगत सुरू होतो आणि वर, बाहेर सरकतो, शेंडे बराच काळ हिरवे राहतात. शिवाय त्याची फवारणी उबदार, दमट दिवसांत करायची असते, जानेवारीत नाही. खोडाजवळची जुनी पानं तर दरवर्षीच वाळून गळतात. माझ्या तळहातावर ठेवली होती ती हीच. पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं, ते दारातच मागायचं, हेही त्यांनीच सांगितलं. किती गेले, असं विचारलं. मी आकडा सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, याचं बरं वाटलं.

घरी येऊन त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "हमीत काय लिहिलंय? झाडं हिरवी होतील. झाली ना?" त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही. झेलनं पाठवलेले पैसे मीच पाठवले होते, त्यामुळे बँकेनं हात वर केले. ग्राहक खात्याकडे पावती आणि ती हमी जोडून तक्रार केली आहे. ग्रुपवरच्या दोन्ही घरांना स्वतः फोन केला. एका घरी तिसरी फवारणी व्हायची होती, तेवढी वाचली.

आबांना सांगायला मात्र चार दिवस लागले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सुगी त्याचीच झाली की."