एलपी घ्यावी की सीडी? ठाण्या-ऐरोलीच्या घरात राग ऐकायला बसणाऱ्यासाठी

भाचीने ऐरोलीत वन बीएचके भाड्याने घेतलं. नोकरी लागून वर्ष झालंय, थोडे पैसे बाजूला पडलेत आणि किशोरीताई आमोणकरांच्या गाण्याचं वेड लागलंय. परवा फोनवर तिने सरळ विचारलं, "मामा, रेकॉर्ड प्लेअर घेऊ की सीडी प्लेअर? दोन्ही काही जमायचं नाही." हाच प्रश्न ठाण्यात तलावपाळीवर आमच्या जुनं जमवणाऱ्यांच्या रविवार सकाळच्या टोळक्यात दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. तिला तासभर बोलून जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवतोय.

माझा कौल आधी सांगतो. ख्याल, म्हणजे रागाची सावकाश विस्ताराने केलेली मांडणी, ऐकायचा असेल आणि एकच यंत्र परवडणार असेल, तर सीडी. मी स्वतः पंचवीस वर्षं एलपी, म्हणजे रेकॉर्डच्या मोठ्या तबकड्या, जमवतोय, घरात दोनशेच्या वर आहेत, त्या माझ्या जिवाभावाच्या आहेत. तरी कौल सीडीलाच.

मुख्य कारण खाचेत आहे. बारा इंची एलपीवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते आणि हा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. पण बाहेरच्या कडेला एक फेरा साधारण 90 सेंटिमीटरचा असतो आणि लेबलाजवळ जेमतेम 38 सेंटिमीटरचा. म्हणजे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला 50 सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी 21. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाबून बसवलेलं असतं. तिथे सुईला वळणं नीट घेता येत नाहीत, आवाज चिरकतो आणि झीजही तिथेच जास्त जाणवते.

आता आपला ख्याल कसा मांडला जातो ते आठवा. आधी विलंबित, सावकाश आलाप. मग बोल, सरगम, मग द्रुत म्हणजे जलद बंदीश, आणि अगदी शेवटी ताना. म्हणजे एलपीच्या सगळ्यात चांगल्या जागेवर संथ आलाप आणि सगळ्यात वाईट जागेवर सगळ्यात वेगवान, सगळ्यात अवघड गाणं. चित्रपटगीतांच्या एलपीत शेवटचं एक गाणं थोडं खराब झालं तर चालून जातं. रागाच्या एलपीत कळसच खराब होतो. दुकानदार सुई टेकवून पहिलं मिनिट ऐकवतो, तंबोरा स्वच्छ लागतो, आपण खूश होऊन पैसे देतो आणि घरी आल्यावर द्रुतमध्ये खरखर सुरू होते. माझ्या पहिल्या दहा एलपींपैकी चारांचं असं झालं. तेव्हापासून मी दुकानात हात जोडून सांगतो, "शेवटची दोन मिनिटं लावा."

सीडीत हा प्रश्न नाही. ती आतून बाहेर वाचली जाते आणि फिरण्याचा वेग जागेप्रमाणे बदलत राहतो, त्यामुळे पहिला सा आणि शेवटची तान दोन्ही सारख्याच दर्जाने येतात. शिवाय लांबी. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, ताणली तर पंचवीस. 1982 साली बाजारात आलेली सीडी 74 मिनिटांची. मैफलीतला पाऊण तासाचा राग न तोडता ऐकायचा असेल तर तो सीडीवरच सापडेल.

मग एलपी कशासाठी? एका गोष्टीसाठी मी ती कधीच सोडणार नाही. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी घ्या. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूप संपला की सुई आत जाऊन फिरत राहते, उठावं लागतं, तबकडी दोन्ही तळव्यांत धरून उलटावी लागते. त्या अर्ध्या मिनिटात खोलीत भूप रेंगाळत असतो. भूप संध्याकाळ उलटल्यानंतरचा, बागेश्री मध्यरात्रीचा. माझ्याकडे ती बाजू कित्येकदा उलटलीच जात नाही. जेवण होतं, घरातले झोपतात, मग बागेश्री. हेच सीडीवर लावलं की भूपाचा शेवटचा सा विरतो न विरतो तोच बागेश्री सुरू होते आणि दोघींचा रंग एकमेकींत मिसळतो. सीडी घेणाऱ्याला माझं सांगणं आहे की मध्ये थांबण्याचं बटण दाबायची सवय लावून घ्या.

यंत्राचा खर्च हा दुसरा मुद्दा. चांगला जुना सीडी प्लेअर मिळाला, तो अँप्लिफायरला जोडला की काम झालं. रेकॉर्ड प्लेअरचं तसं नाही. दिसायला गोड अशा पेटीवजा सूटकेस प्लेअरच्या नादी लागू नका. बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास. नीट प्लेअरमध्ये हा भार दीड-दोन ग्रॅम असतो. पन्नास वर्षं कुणीतरी जपलेली तबकडी अशा पेटीवर रोज फिरवणं मला बघवत नाही. बरा प्लेअर घेतलात की फोनो प्रीअँप नावाचं जोडयंत्रही लागतं, कारण एलपीवर खर्ज मुद्दाम कमी करून कोरलेला असतो आणि वाजवताना तो परत वाढवावा लागतो. हिऱ्याची सुईही पाचशे ते हजार तासांनी बदलायची. हे सगळं धरून हिशोब करा.

परदेशातून जुना प्लेअर मागवायचा विचार असेल तर माझा अनुभव ऐका. बहिणीने अमेरिकेहून येताना एक भारदस्त जुना प्लेअर आणला. 110 व्होल्टचा, म्हणून मी ट्रान्सफॉर्मर घेतला. लावला, तर ओळखीची गायिका पुरुषी आवाजात गाऊ लागली. हार्मोनियमवर सूर धरून पाहिला, काळी चार पट्टीतला सा पांढरी चारच्याही किंचित खाली उतरला होता. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, पण तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50ची. त्या जुन्या मोटारी विजेच्या ठोक्यावर फिरतात. त्यामुळे 33⅓च्या जागी जेमतेम 28 फेरे होत होते. आमच्यातल्या एकाने लेथवर मोटरची कप्पी त्या प्रमाणात मोठी करून आणली तेव्हा सूर जागेवर आला. हा उद्योग प्रत्येकाला जमेलच असं नाही.

हवेबद्दल सांगायलाच हवं. ठाणे काय, ऐरोली काय, खाडी उशाला. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पुठ्ठ्याच्या कव्हरचं काय होणार! तबकडीचं प्लास्टिक ओलाव्याला दाद देत नाही, पण खाचेत बुरशीचे पांढरे ठिपके बसतात आणि प्रत्येक ठिपक्याचा एक टक् आवाज. धुता येते, पण लेबल भिजू न देता धुणं हे अर्ध्या दिवसाचं काम. कव्हरला मात्र कसर लागली की गेलं. याबाबतीत आमचा गुरू टोळक्यातला कॉमिक्सवाला. त्याच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा मोठा साठा आहे. 1964 ते 1990 या काळात निघालेले, स्वस्त कागदावर छापलेले ते अंक त्याने नौपाड्याच्या तळमजल्यावरच्या घरात टिकवलेत. त्याची पद्धत साधी. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, मागे कडक पुठ्ठा, पिशवीचं तोंड पूर्ण बंद करायचं नाही म्हणजे दमट हवा आत कोंडत नाही, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत सगळं सावलीत मोकळं करायचं. आम्ही एलपीवाल्यांनी हे जसंच्या तसं उचललं. आणखी एक, एलपी कायम उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.

सीडीला हे सोपस्कार नाहीत, पण तिचाही एक नाजूक भाग आहे आणि लोक नेमकं तिथे बघत नाहीत. विकत घेताना सगळे चकचकीत बाजू उजेडात धरून ओरखडे शोधतात. त्या बाजूला मिलिमीटरभराहून जाड प्लास्टिक असतं, बारीक ओरखडा सहसा वाजण्यात अडथळा आणत नाही. खरं गाणं असतं ते छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या थरात, आणि त्यावर संरक्षण म्हणून लाखेसारखा नाममात्र थर. छापील बाजूला खोल ओरखडा असेल किंवा सीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर ती घेऊ नका.

आता शोधाशोध. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण काय सापडतं यावर आपण काय ऐकतो ते ठरतं. भाचीने विचारलं होतं, "फोनवर सगळं असतंच ना?" खूप असतं. पण आपल्या रागांची नावं रोमन लिपीत कुणी कशी लिहिली असतील याला धरबंध नाही. बागेश्रीच्या शेवटी कुणी एक आय लावतो, कुणी दोन ई. देस कुठे एस-एचने संपतो, कुठे नुसत्या एसने. श्री राग शोधून बघा एकदा, नावामागे श्री लावलेले जगातले सगळे गृहस्थ समोर येतात. सगळ्यात मोठा घोटाळा 'ळ'चा. रोमनमध्ये 'ल' आणि 'ळ' एकच. त्यामुळे राग भूपाली (भूपाचंच दुसरं नाव) शोधला की मध्ये मध्ये भूपाळ्या येतात. संध्याकाळी दिवा लावून भूपाली ऐकायला बसावं आणि फोनने पहाटे देवाला उठवायला सुरुवात करावी, असं माझ्या घरी झालंय. कॉमिक्सवाला म्हणतो त्याच्याकडे हाच 'ळ' उपयोगी पडतो. रद्दीच्या गठ्ठ्यात इंद्रजालच्या नायकाचं नाव 'वेताळ' दिसलं की अंक मराठी, 'वेताल' असेल तर हिंदी.

यावर तबकडीने एक तोड देऊन ठेवली आहे. प्रत्येक एलपीला क्रमांक असतो. एचएमव्ही कंपनीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपींवर ईएएलपी अशी अक्षरं असतील तर मोनो, ईएएसडी असतील तर स्टीरिओ, आणि पुढे आकडे. रागाचं स्पेलिंग कुणी काहीही करो, क्रमांक एकच. कुणाशी बोलताना, मागवताना, वहीत नोंद करताना क्रमांक लिहा. वहीत रागाचं नाव मात्र देवनागरीतच लिहा, म्हणजे भूपाली आणि भूपाळी वेगळ्या पानांवर राहतील. सीडीलाही क्रमांक असतो. फोनवरच्या गाण्याला तो बहुधा दिसत नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण हेही पुष्कळदा गळलेलं असतं. एलपीच्या पाठीमागे ते अनेकदा छापलेलं असतं. साथ कुणाची हे माहीत नसताना ख्याल ऐकणं मला अर्धवट वाटतं. फोन वापरा, पण राग आवडला की त्याची छापील प्रत शोधा.

कॅसेटबद्दल थोडक्यात. कीर्तनं, भजनी मंडळं, गावोगावचे लोककलाकार यांचं बरंच काम कॅसेटवरच राहिलं. ते हवं असेल तर कॅसेटला पर्याय नाही. रागसंगीतासाठी मात्र तिने सुरुवात करू नका. फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि आपल्या हवेत तिला बुरशी धरते. जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या तर वाजवण्यासाठी घेऊच नका. त्यांची खाच रुंद, सुई वेगळी लागते आणि हातातून सुटली की काच फुटावी तसे तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. गौहर जान यांनी 1902 मध्ये अशाच तबकड्यांसाठी गाऊन शेवटी स्वतःचं नाव उच्चारलं होतं. त्या काळचं गाणं सीडीवर आणि फोनवर ऐकता येतं, तिथेच ऐका.

खरेदी कुठे करायची? ठाण्यात घरं रिकामी होतात तेव्हा माळ्यावरच्या सीडी रद्दीत जातात. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की रद्दीवाल्याकडे खेप मारा. मला राग-संगीताच्या सीडी बहुतेक अशाच मिळाल्या, एका बऱ्या एलपीच्या पैशात सात-आठ. एलपीसाठी चोरबाजार. ठाण्याहून धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोड, वाशीहून हार्बरनेही तेच स्टेशन. तिथून मटन स्ट्रीटपर्यंत चालत. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजार स्वस्त, पण तिथे वाजवून बघता येत नाही, म्हणून सुरुवातीला दुकानातच घ्या.

भाचीला शेवटी सांगितलं ते असं. आत्ता सीडी प्लेअर घे, अँप्लिफायर मात्र असा घे की ज्याच्या पाठीला फोनो लिहिलेलं छिद्र आहे. पुढे रेकॉर्ड प्लेअर आला तर त्यालाच जोडता येईल. घरमालक हो म्हणाले तर त्यासाठी भिंतीत फळी ठोकून ठेव, कारण खाली रस्त्यावरून जड ट्रक गेला की टेबलावरची सुई उडी मारते. आणि भूप-बागेश्रीची एलपी कुठे दिसली तर प्लेअर नसला तरी विचारून ठेव. वाजवून बघायला मी येईन. भूपाची शेवटची दोन मिनिटं आधी, मग बागेश्रीची.