ट्रिनो ४७१: नऊ महिने वापरल्यावर

मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांची गोव्यात तीन छोटी हॉटेलं आहेत. कळंगुटचं बुकिंग मायएसक्यूएलमध्ये, कोलव्याची बिलं एसक्यूएल सर्व्हरमध्ये, पणजीच्या ऑफिसचा हिशोब पोस्टग्रेसमध्ये (हे तिन्ही वेगवेगळे डेटाबेस) आणि तिन्ही स्वयंपाकघरांची रोजची खरेदी गूगल शीट्समध्ये. सगळा डेटा एका जागी ओतून घ्यायला ना माणसं, ना वेळ. म्हणून डेटा जिथल्या तिथे ठेवून एकाच एसक्यूएलमधून (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) सगळ्यांना विचारायचं, हा मार्ग आम्ही २०२३ मध्ये धरला. त्यासाठी ट्रिनो या सॉफ्टवेअरची ४०६ आवृत्ती टाकली आणि ती दोन वर्षं तशीच चालवली. या मार्चमध्ये ४७१ वर आलो. तेव्हापासूनचा हा अनुभव.

अपग्रेड एका संध्याकाळचं काम नाही. ट्रिनो जावावर चालतं; ४०६ ला जावा १७ चालत होतं, ४७१ ला २३ लागतं. मधल्या पासष्ट आवृत्त्यांच्या नोंदी वाचण्यात माझे दोन रविवार गेले, पण ते वाचल्याशिवाय उडी मारू नका. कॉन्फिगच्या काही ओळी बदललेल्या असतात आणि सर्व्हर चालूच होत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी वेगाबद्दल विचारतात. आमचं काम खरं बदललं ते एसक्यूएलमध्ये स्वतःचं फंक्शन, म्हणजे नाव देऊन कुठेही पुन्हा वापरता येणारा नियम, लिहून ठेवता येतं यामुळे. ही सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये, ४३१ पासून आली.

स्वयंपाकघरांच्या शीटमध्ये एकच मासा किती नावांनी येतो बघा. म्हापशाच्या बाजारातून आणणारा लिहितो ‘इसवण’, कोलव्याचा शेफ ‘किंगफिश’, पणजीत कोणी ‘सुरमई’, कोणी ‘सुरमय’. बांगडा कुठे ‘बांगडो’, कुठे ‘मॅकरेल’. पूर्वी प्रत्येक क्वेरीत मी लांबलचक केस-व्हेन (‘हे नाव असेल तर ते धर’ अशा अटी) चिकटवत होतो आणि एका रिपोर्टमध्ये दुरुस्त केलेलं नाव दुसऱ्यात राहून जायचं. एप्रिलच्या बैठकीत हिशोबातल्या बाईंनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, ‘‘अरे, इसवण आणि सुरमई वेगळी कशी धरलीस? दर तर एकच आहे.’’ त्या रात्री बसून सगळी नावं एका फंक्शनमध्ये घातली. कोणतंही नाव द्या, एकच ठरलेलं नाव परत येतं. आता तिन्ही हॉटेलांचा प्रत्येक रिपोर्ट त्याच फंक्शनमधून जातो.

याचा कस लागला जून-जुलैत. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मासा बाहेरून येतो, दर चढतात. एका पाहुण्यामागे माशावर किती खर्च पडतो, हे काढायला कळंगुटचं बुकिंग आणि शीटमधली खरेदी जोडावी लागते. पूर्वी या आकड्यासाठी महिनाअखेरीची वाट बघत होतो. या वर्षी दर सोमवारी सकाळी तो मालकांच्या टेबलावर होता, आणि जुलैत मेन्यूतले दोन पदार्थ त्यावरूनच काढले.

फंक्शन कुठे साठवता हे मात्र नीट बघा. ट्रिनोला जोडलेल्या प्रत्येक डेटाच्या जागेला कॅटलॉग म्हणतात. मी सुरुवातीला ते मेमरी कॅटलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतच, ठेवलं होतं. मे महिन्यात वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पुन्हा उठला तेव्हा फंक्शन नव्हतं. कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे, माझ्याकडूनच वाचायचं राहिलं होतं. आता फंक्शनची मूळ फाइल वेगळी ठेवतो आणि सर्व्हर उठला की ती आपोआप चालते. हाइव्ह (फाइलींमधला मोठा डेटा टेबलांसारखा वाचायची व्यवस्था) कॅटलॉग असेल तर तिथे कायमचं ठेवता येतं.

दुसरी नवी सोय स्पूलिंगची. पूर्वी उत्तराची प्रत्येक ओळ कोऑर्डिनेटरमधून (ट्रिनोचा मुख्य सर्व्हर) क्लायंटकडे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जायची. आता मोठं उत्तर तुकड्यांत एस३सारख्या (अॅमेझॉनची क्लाउड साठवण) साठवणीत लिहिलं जातं आणि क्लायंट ते तिथून उचलतो. आमच्या रोजच्या छोट्या रिपोर्टांना काही फरक पडला नाही. वर्षाची सगळी बिलं ऑडिटसाठी काढताना मात्र पडला. त्यासाठी क्लायंटही नवा लागतो.

जी गोष्ट अपग्रेडनेही बदलत नाही, तिच्यावर थोडं थांबतो, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. मायएसक्यूएलच्या टेक्स्ट कॉलमवर लावलेली अट ट्रिनो तिकडे पाठवत नाही. मायएसक्यूएल लहान-मोठी अक्षरं एकच धरू शकतं, त्यामुळे उत्तर चुकू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते पटतं. पण परिणाम असा की ‘स्टेटस कन्फर्म’ एवढीच अट लिहिली तर अख्खं टेबल पावसाळ्यातल्या आमच्या बारीक लाइनवरून पणजीला येतं. जूनमध्ये हेच झालं. एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालणार याचा आराखडा, काढून पाहिलं तेव्हा कळलं. आता तारखेची अट आधी लावतो, ती तिकडे जाते आणि थोड्याच ओळी येतात. अगदीच अडलं तर ‘क्वेरी’ नावाच्या टेबल फंक्शनमधून मायएसक्यूएललाच त्याच्या भाषेत विचारतो.

शीट्सचंही एक सांगतो. शीटची रेंज आपण दिली नाही तर पहिल्या १०,००० ओळीच वाचल्या जातात. आमच्या पणजीच्या शीटने ऑगस्टमध्ये ती हद्द ओलांडली आणि चवथीच्या खरेदीची बेरीज कमी दिसू लागली. एरर काही नाही, फक्त आकडा लहान. रेंज वाढवून दिल्यावर जुळला. शिवाय शीटमधला प्रत्येक कॉलम मजकूर म्हणूनच येतो, किलो आणि रुपये स्वतः आकड्यात बदलून घ्यावे लागतात.

चालू सर्व्हरवर नवा कॅटलॉग जोडण्याची सोयही आली आहे. आम्ही अजून फाइलींवरच आहोत.

एकच डेटाबेस असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, उगाच एक सर्व्हर सांभाळावा लागेल. आमच्यासारखी चार तोंडं असतील आणि जुनी आवृत्ती चालत असेल, तर फंक्शनसाठी तरी वर या. गेल्या आठवड्यात कोलव्याच्या शेफने शीटमध्ये ‘लेपो’ लिहिलं, पणजीत तोच मासा ‘सोल फिश’ होता. फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली, आणि संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये दोन्हीकडचे किलो एकत्र आले.