तीस फुटी की सोळा फुटी?

तीस फुटी शिडाच्या होडीत झोपायला जागा, चहापुरता ओटा, आणि गोव्यात आग्वाद किल्ल्याबाहेरच्या समुद्राच्या लाटांतही धीर. पण जून लागायच्या आत तिला पाण्याबाहेर काढायची म्हणजे क्रेन, जागेचं भाडं, तळाची कालवं खरवडून नवा रंग. खिसा तिथेच फाटतो. सोळा फुटी ट्रेलरवरून थेट घरामागे येते. (माडाखाली मात्र ठेवू नका, नारळ पडतात.) तळातली फळी वर ओढली की मांडवीतल्या दिवाडी बेटाकडच्या उथळ पाण्यातही शिरते, वारा पडला तर वल्हं आहेच. वेगात मात्र मार खाते: मोठीची पाण्याला टेकणारी लांबी 25 फूट असेल तर कमाल वेग साधारण 6.7 नॉट (तासाला समुद्री मैल), धाकटीची 15 फूट असेल तर 5.2. शिवाय भिजणं ठरलेलंच. मी धाकटी घेतली. बायको अजून ओट्याची आठवण काढते.