बुंदीच्या कार्डावरचे तीन स्टिकर

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणलं आणि पुढच्या शनिवारी पहाटे ते गेलं. लसीकरणाचं कार्ड आमच्या हातात होतं. त्यावर दोन डोस, रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध, सगळं तारखांसकट लिहिलेलं होतं. शिक्का होता, सही होती, रंगीत स्टिकर होते. म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय आणि त्यात काय खोटं होतं ते सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर जिथे पिल्लू घेतलं त्या हायवेवरच्या पेठ नाक्यावरच पाच मिनिटांत ते आमच्या लक्षात आलं असतं.

आम्ही सांगलीचे. धाकट्या मुलीचा दोन वर्षं हट्ट चालला होता. सासूबाईंचा विरोध मावळला आणि आम्ही शोधायला लागलो. मोबाइलवर एका जाहिरातीत फिकट पिवळ्या पिल्लांचे फोटो दिसले. फोन केला, तर समोरचा माणूस फार अदबीनं बोलला. "ताई, साठ दिवसांचं पिल्लू आहे. नाइन-इन-वनचे दोन्ही डोस झालेत, रेबीजपण दिलंय. तुम्हाला काही करायला लागणार नाही." नाइन-इन-वन म्हणजे कुत्र्यांच्या अनेक रोगांवरची एकत्रित लस. किंमत १४ हजार. २ हजार आगाऊ यूपीआयनं पाठवले. पिल्लं कुठे आहेत, आई दाखवाल का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, घर लांब आहे, तुम्हाला कशाला त्रास, मी हायवेला येतो. आम्हाला तो चांगुलपणा वाटला.

पेठ नाक्यावर एका हॉटेलच्या मोकळ्या जागेत तो गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर प्लॅस्टिकच्या टोपलीत पाच पिल्लं होती. मुलीनं त्यातली सगळ्यात शांत उचलली. आज कळतं की ती शांत नव्हती, मलूल होती. बाकी पैसे दिले, त्यानं निळ्या कव्हरचं कार्ड दिलं. पावती मागितली तेव्हा "कार्ड हीच पावती, ताई" म्हणाला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. घरी येईपर्यंत मुलीनं तिचं नाव बुंदी ठेवलं होतं.

सोमवारी बुंदी फारसं खाईना. विकणाऱ्याला फोन केला. "प्रवासाचा शीण आहे, दहीभात द्या." मंगळवारी दुपारी पिवळट फेसाची उलटी झाली. परत फोन. "जागा बदलली की होतं, दोन दिवस थांबा." आम्ही थांबलो. या दोन दिवसांचं मला सगळ्यात वाईट वाटतं. लस झालेली आहे हे मनात इतकं पक्कं बसलं होतं की पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा, विचारसुद्धा डोक्यात आला नाही. बुधवारी सकाळी उठून बघते तर तिच्या अंथरुणावर रक्तमिश्रित जुलाब, आणि त्याला असा वास की जो एकदा घेतला तो विसरत नाही.

डॉक्टरांनी टेबलावर घेतलं आणि कार्ड बघायच्या आधी तिचं तोंड उघडून दात बघितले. मग विचारलं, "हिचं वय किती सांगितलंय?" मी म्हटलं साठ दिवस. ते म्हणाले, "वहिनी, दुधाच्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नाहीत. हे पिल्लू घेतलं तेव्हा जेमतेम ३८ दिवसांचं असेल." मग त्यांनी विष्ठेचा नमुना घेऊन किट टेस्ट केली. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली. पार्व्हो.

त्यांनी लगेच पायात सुई लावून सलाईन सुरू केलं, उलटीचं आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, आणि मगच कार्ड हातात घेतलं. ते जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

पहिली गोष्ट वय. कार्डावर जन्म १२ नोव्हेंबर आणि पहिला डोस २६ डिसेंबर. म्हणजे ४४ व्या दिवशी. कागदावर बरोबर दिसतं. पण पिल्लू आमच्याकडे आलं तेव्हा ३८ दिवसांचं असेल, तर २६ डिसेंबरला ते २२ दिवसांचं होतं. त्या वयात हा डोस कुणी देत नाही. नाइन-इन-वन साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतं. काही ठिकाणी धोका जास्त असेल तर पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन रोगांपुरती वेगळी पपी लस थोडी आधी देतात, पण तीसुद्धा तीन आठवड्यांच्या पिल्लाला नाही.

दुसरी गोष्ट स्टिकर. मला वाटायचं स्टिकर आहे म्हणजे लस दिली. डॉक्टरांनी फ्रिजमधून एक डबा काढून दाखवला. त्यात दोन छोट्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी पांढरी सुकी वडी असते, दुसरीत पाणी. पाणी सुईनं वडीच्या बाटलीत घालायचं, विरघळवायचं आणि मग टोचायचं. पार्व्हो, डिस्टेंपर, हिपॅटायटिस यांची लस वडीत असते. त्यांच्याकडच्या त्या डब्यातल्या पाण्याच्या बाटलीत फक्त लेप्टो या वेगळ्या रोगाची लस होती. दोन्ही बाटल्यांवर सोलून काढायचा स्टिकर असतो आणि कार्डावर दोन्ही लागायला हवेत. बुंदीच्या कार्डावर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही डोसांपुढे पाण्याच्या बाटलीचाच स्टिकर होता. बॅच नंबरही दोन्हीकडे तोच. वडीच्या बाटलीचा स्टिकर कुठेच नव्हता. हे स्टिकर त्या माणसाला कुठून मिळाले देव जाणे. पण एवढं नक्की की ज्या रोगानं ती मरत होती त्याच्या लसीचा साधा कागदाचा तुकडासुद्धा त्या कार्डावर नव्हता.

तिसरा स्टिकर रेबीजचा. त्याची मुदत कार्डावरच्या इंजेक्शनच्या तारखेआधीच संपलेली, ऑक्टोबरमध्ये. आणि मुळात रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या आसपास देतात. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कार्डावर "रेबीज झालं" लिहिलेलं दिसलं तरी थबकायला हवं होतं. आम्हाला उलट ते जास्तीचं मिळाल्यासारखं वाटलं.

आणि शिक्का. त्यावर फक्त "पशुवैद्यकीय दवाखाना" होतं. डॉक्टरांचं नाव नाही, गाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. आपल्याकडे प्रत्येक पशुवैद्यकाला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो शिक्क्यावर किंवा सहीखाली असतो. तो असता तर एक फोन करून विचारता आलं असतं की हे पिल्लू तुमच्याकडे आलं होतं का.

मी विचारलं, मग आता देऊन टाका ना लस. ते म्हणाले, आता उपयोग नाही. लस दिल्यावर शरीराला तयारी करायला काही दिवस लागतात आणि इथे विषाणू आधीच आतड्यात पोचलाय. पार्व्होची लक्षणं बहुतेक वेळा लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांनी दिसतात. बुंदी आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी खायची थांबली होती. म्हणजे ती पेठ नाक्याला आली तीच रोग घेऊन.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. गुरुवारी तिनं शेपूट हलवली, आम्हाला वाटलं वाचली. शुक्रवारी रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. शनिवारी पहाटे पाच वाजता ती माझ्या मांडीवर गेली. नवऱ्यानं तिला शेतावर नेऊन पुरलं. मुलीला आम्ही उठवलं नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची. रविवारी खेळताना बुंदीचा दात मुलीच्या हाताला लागून ओरखडा उठला होता. रक्त आलं नव्हतं. मी हळद लावली आणि सोडून दिलं, कारण कार्डावर रेबीज झालेलं होतं. बुधवारी डॉक्टरांनी कार्ड खोटं आहे म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न विचारला, "घरात कुणाला चावलंय का?" आणि आम्हाला तसंच सिव्हिलला पाठवलं. एरवी चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेसमोर ठणठणीत राहिला तर तो धोका टळला असं समजतात. इथे ते पिल्लूच गेलं. ते पार्व्होनं गेलं हे जवळजवळ नक्की होतं, पण रेबीजच्या बाबतीत जवळजवळ हा शब्द चालत नाही. तो रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. मुलीला त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी दंडावर इंजेक्शनं घ्यावी लागली. सिव्हिलच्या सिस्टरनी मला सांगितलं की पहिल्यांदा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, हळद-तिखट काही लावायचं नाही. हे मी चौथीच्या वर्गाला शिकवलेलं आहे. घरात वेळ आली तेव्हा खोट्या कार्डावर विसंबून मी ते केलं नाही.

त्या माणसाला शनिवारी फोन केला. "तुमच्या घरात लागलं असेल" म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर नंबर बंद. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली, कारण पैसे यूपीआयनं गेले होते. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं विक्रेत्याचं नाव-पत्ता काय. आमच्याकडे एक बंद नंबर आणि यूपीआयवर दिसणारं अर्धवट नाव. पावती न घेतल्याची किंमत तिथे कळली. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, आणि पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. तो हायवेला का भेटला, पत्ता का दिला नाही, वय २२ दिवसांनी का वाढवलं, या सगळ्याचं उत्तर त्या नियमात आहे. मंडळाकडेही अर्ज केला आहे. पुढे काही झालं नाही अजून.

घर धुणं हा वेगळाच भाग. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, अंथरुणात, चपलांच्या तळव्यांना महिनोन्महिने जिवंत राहतो. नुसत्या फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही. एक माप ब्लीच आणि तीस मापं पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. फरशीला ते जमलं, अंगणातल्या मातीला काय करणार? शेजारच्या वाड्यात तीन महिन्यांचं पिल्लू होतं. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, त्यांनी त्याच्या लसींच्या तारखा तपासल्या आणि राहिलेला डोस दुसऱ्याच दिवशी देऊन घेतला. ते ठीक आहे.

डॉक्टरांनी नंतर एकदा शांतपणे समजावलं की इतके डोस का लागतात. मला वाटायचं दोन झाले की झालं. पिल्लाला आईच्या चिकातून जी प्रतिकारशक्ती मिळते, ती असेपर्यंत बाहेरची लस नीट लागू पडत नाही. आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. कुणात सहा आठवड्यांत, कुणात चौदा-पंधराव्या आठवड्यापर्यंत टिकते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा १६ आठवडे पुरे झाल्यावर. त्यामुळे "सगळे डोस झालेत, तुम्हाला काही करायला लागणार नाही" असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणत असेल, तर कार्ड खरं असलं तरी ते वाक्य खोटं आहे. कार्डाबद्दल शंका आली तर डॉक्टर लस झालीच नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करतात. निरोगी पिल्लाला एखादा डोस जास्त झाल्यानं सहसा नुकसान होत नाही, नसलेल्या डोसानं मात्र बुंदी गेली. आणि पिल्लू घरी न्यायच्या आधी सरळ डॉक्टरांकडे न्यायचं, पैसे त्यानंतर द्यायचे. विकणारा याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरायचं, मुलगी कितीही रडली तरी.

मार्चमध्ये आमच्या डॉक्टरांनी कार्डाचा फोटो त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांचा निरोप आला की असंच निळं कार्ड, तोच बॅच नंबर, त्यांच्याकडेही आलं होतं. ते लोक पिल्लू घेतल्या दिवशीच तपासायला घेऊन गेले होते, म्हणून कार्डाचं खोटं लगेच उघड झालं. ते पिल्लू त्यातून वाचलं. म्हणजे टोपलीतल्या पाचातलं एक आमच्याकडे गेलं, एक कोल्हापूरला आहे. तीन कुठे आहेत माहीत नाही. ११ जानेवारीच्या आसपास तुम्ही किंवा तुमच्या ओळखीत कुणी हायवेवर फिकट पिवळं लॅब्रॅडॉर पिल्लू घेतलं असेल, आणि निळ्या कार्डावर नाव नसलेला "पशुवैद्यकीय दवाखाना" असा शिक्का असेल, तर त्या पिल्लाला रेबीजची लस मिळालेली नाही असंच धरा. त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याचा दात किंवा नख घरात कुणाला लागलं असेल तर त्यांनाही सिव्हिलला न्या, आजच.