मानेमागची क्लिप: बाळासह एकटीने केलेल्या प्रवासात तपासलेला कॅरिअर

बाळाला घेऊन एकटीने आधी बस, मग रेल्वे आणि शेवटी पुन्हा बस, असा सुमारे अकरा तासांचा प्रवास करून घर गाठायचे होते. बाबागाडी न्यावी की बाळाला छातीशी बांधून नेण्याचा पट्ट्यांचा मऊ कॅरिअर, या प्रश्नावर निघण्याआधीचे दोन दिवस गेले. बाळ सात महिन्यांचे, वजनाने साडेसात किलो, मान पक्की धरलेले आणि नुकतेच बसू लागलेले. मी कॅरिअर निवडला. त्याचे हे परीक्षण त्या एका प्रवासापुरते आहे. बागेत फिरताना किंवा घरकाम करताना तो कसा वाटतो, याविषयी येथे काही नाही. रुंद कमरपट्टा, दोन गादीदार खांदेपट्टे आणि मानेमागे त्या दोघांना जोडणारी आडवी पट्टी अशा घाटाचे कॅरिअर अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे हे मत एखाद्या कंपनीविषयी नसून या घाटाविषयी आहे असे समजावे.

बाबागाडी नाकारण्याचे कारण आधी सांगते. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६० च्या दशकात हलक्या ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली, तीच मुळी अवजड गाडी प्रवासात नेणे जिकिरीचे होते म्हणून. घडीच्या गाडीने तो प्रश्न बराच सोडवला हे खरे. पण गाडी मिटण्यासाठी बाळाला आधी बाहेर काढावे लागते, आणि बाळ एका हातात, खांद्यावर पिशवी, मागे चढणाऱ्यांची रांग अशा अवस्थेत उरलेल्या एका हाताने आणि एका पायाने गाडी मिटवण्याची कसरत करावी लागते. जिथे उतार आणि लिफ्ट आहे तिथे गाडी उत्तम. जिथे जिना आहे, किंवा फलाट आणि डबा यांच्यात फट आहे, तिथे ती आपल्याला उचलावी लागते.

कॅरिअरने पहिल्या तासाभरातच आपली किंमत वसूल केली. तिकीट दाखवणे, पाण्याची बाटली उघडणे, दांडी धरून उभे राहणे ही सारी कामे दोन मोकळ्या हातांनी झाली. सर्वांत मोठी सोय मात्र जाहिरातीत कधीच दिसत नाही, ती म्हणजे स्वच्छतागृहाची. एकटीने प्रवास करणाऱ्या आईपुढे खरा पेच हाच असतो की स्वतःला जायचे असेल तेव्हा बाळ कोणाकडे द्यायचे. शेजारच्या प्रवाशाने कितीही आपुलकीने हात पुढे केले तरी मन धजत नाही. चालत्या गाडीतल्या त्या अरुंद जागेत बाळ छातीशी बांधलेले असताना एक हात कडीवर आणि एक कपड्यांवर ठेवून मी निभावून नेले. त्यात सुखावह असे काही नव्हते, पण ते शक्य झाले, आणि केवळ तेवढ्यासाठी मी हा कॅरिअर पुन्हा घेईन.

आता तक्रार. खोक्यावर लिहिले होते की हा कॅरिअर एका मिनिटात एकट्याने चढवता येतो. कमरपट्टा चढवणे, बाळाला छातीशी घेऊन कापड वर ओढणे, खांदेपट्टे घालणे इथपर्यंत ते खरे आहे. त्यानंतर येते ती मानेमागची क्लिप. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन, न पाहता, तिची दोन टोके एकमेकांत बसवायची असतात. आणि नेमक्या त्याच क्षणी बाळ हनुवटीला धडका देत असते, शिवाय हात वर असल्यामुळे त्याला धरता येत नाही. फलाटावरच्या बाकाशी मी चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी काही न विचारता ती ‘टक्’ करून लावून दिली. ही पट्टी खांदेपट्टे घसरू देत नाही, म्हणजे ती लावायची राहिली तर चालेल असेही नाही. आधी ती मानेपाशी सैल जोडून ठेवायची, मग सदरा घातल्यासारखे पट्टे डोक्यावरून घ्यायचे आणि शेवटी काखेखालून ताण द्यायचा, ही युक्ती मला तिसऱ्या गाडीत बसताना सुचली. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही. त्यातल्या प्रत्येक चित्रात मात्र मागे एक हसरा पुरुष उभा आहे.

या संदर्भात थोडा इतिहास आठवतो. अमेरिकेतील परिचारिका ॲन मूर १९६० च्या दशकात पीस कोअर या परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतर्फे पश्चिम आफ्रिकेतील टोगो येथे गेल्या होत्या. तेथील माता बाळांना कापडाने पाठीशी बांधून दिवसभर कामे करतात, हे त्यांनी पाहिले आणि परतल्यावर आपल्या आईच्या मदतीने ‘स्नगली’ हा कॅरिअर शिवला. त्याचे पेटंट १९६९ चे आहे. त्या मूळ कापडाला मानेमागे क्लिप नव्हती आणि ते बांधायला दुसरे माणूसही लागत नव्हते. आजच्या माझ्या कॅरिअरला मात्र ते लागते. पट्टे पाठीवर फुलीसारखे ओलांडून पुढे किंवा बाजूला अडकवायचे असा घाटही मिळतो, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्याने तोच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण पायऱ्यांची. बाळ पुढे बांधले की स्वतःची पावले दिसत नाहीत, ही गोष्ट सपाट फरशीवर लक्षातच येत नाही. बसमधून उतरताना खालची पायरी दिसेना, तेव्हा मी दांडी धरून, अंग तिरके करून, पायाने चाचपडत उतरले. खाली पडलेली वस्तू उचलतानाही कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे लागते आणि एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवावा लागतो.

बसल्यावर वेगळीच काळजी सुरू होते. बसल्याने आपले पोट आणि मांड्या बाळाला वर ढकलतात, पट्टे सैल पडतात आणि झोपलेले बाळ आत घसरून त्याची हनुवटी छातीला टेकू शकते. तान्ह्यांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये कापडी झोळीसारख्या स्लिंगविषयी इशारा दिला होता, त्यात चार महिन्यांहून लहान बाळांचा विशेष उल्लेख होता. मान कमकुवत असते, हनुवटी छातीवर दुमडली की श्वासाची वाट आक्रसते आणि कापड नाकातोंडावर आले तर बाळाला तोंड फिरवता येत नाही. माझे बाळ त्या वयापुढचे होते, तरी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटे जातात की नाही, हे मी दर थोड्या वेळाने पाहत राहिले. पट्टे सैल करून कॅरिअरमध्येच अंगावर पाजताही आले. मात्र पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर घेऊन पट्टे घट्ट करण्याचा कंटाळा करू नये. बसचा पट्टा बाळ आणि आपण अशा दोघांभोवती मिळून आवळू नये, कारण अपघातात मोठ्या माणसाचा भार बाळावर येतो. कॅरिअर हे बाळाला वाहून नेण्याचे साधन आहे, वाहनातल्या सुरक्षा-आसनाचे काम ते करत नाही.

उकाड्याविषयी एवढेच, की दोन शरीरे आणि मध्ये गादीदार कापड असल्याने बाळाला एक कपडा कमी घालावा. चौथ्या तासाला माझा सदरा छातीपाशी ओला झाला होता आणि बाळाच्या गालावर शिवणीची रेघ उमटली होती. जाळीच्या कापडाचा प्रकार घ्यायला हवा होता. बैठक रुंद असून मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार देते, गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर राहतात, आणि त्यामुळे इतक्या वेळातही बाळ पायांसाठी कुरकुरले नाही. माझ्या कमरेने कुरकुर केली, ती सहाव्या तासानंतर. पट्टा पोटावर न ठेवता खाली कमरेच्या हाडांवर बांधल्यावर तीही बरीच थांबली.

खांदेपट्ट्यांची दोन्ही टोके बाळाने प्रवासभर चोखली. त्यावर चढवायची धुण्याजोगी आवरणे वेगळी विकत घ्यावी लागतात, हा मला निव्वळ कद्रूपणा वाटतो, कारण कॅरिअर अख्खा धुतला तर जाड कमरपट्टा वाळायला पूर्ण दोन दिवस लागतात. माझा अजून दोरीवर आहे.